पेट्रोल महागते तेव्हा माणसे काय करतात? भरवेलीचा हिशोब

(मंडळाच्या भरवेली येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय पेट्रोलचा ठेवला म्हणून काही मंडळींनी सभेआधीच विचारले की, आता यात मराठी समाजाचा काय संबंध? पेट्रोल काय फक्त मराठी माणसाच्याच गाडीत जाते? प्रश्न रास्त आहे. पण बालाघाट जिल्ह्यातला मराठी माणूस ज्या जागी बसला आहे ती जागा पाहिली, तर पेट्रोलचा भाव आपल्याला इतरांपेक्षा थोडा वेगळा लागतो. आपले सोयरे गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूरला. मोठे दवाखाने तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, मुलीचे सासर तिकडे. आणि आपण बाघ नदीच्या अलीकडे. सन १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि नागपूर ही आपली राजधानी होती. राज्य पुनर्रचना झाली, रेघ ओढली गेली, भंडारा तिकडे आणि बालाघाट इकडे राहिला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला तो वेगळा जिल्हा झाला. रेघ कागदावर ओढली, नाती तिथेच राहिली. त्यामुळे आपल्या प्रवासाला रजा मिळत नाही, भाव काहीही असो.

तेव्हा आज भावावर शिव्या द्यायला आम्ही उभे नाही. ते काम चौकात रोज होते आणि मोफत होते. भाव चढला की माणूस प्रत्यक्षात काय करतो, काय सोडतो, कोणाचे सोडतो आणि यातून आपल्या मंडळाने सरकारकडे नेमके काय मागावे, एवढेच बोलायचे आहे.

प्रथम भाव कसा ठरतो ते थोडक्यात पाहू, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. पूर्वी दिल्लीत बसून भाव ठरायचा. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लावायची पद्धत आली. त्या भावात केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरीव असते. राज्याचा व्हॅट मात्र मुख्यतः टक्क्यांत असतो. म्हणजे मूळ भाव वाढला की राज्याला काही न करता जास्त पैसे मिळतात. शिवाय डेपोपासून गाव जितके लांब तितका टँकरचा खर्च जास्त, आणि आपला जिल्हा कोपऱ्यातला. म्हणूनच सन २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस देशात सर्वांत महाग पेट्रोल कुठे, अशा बातम्या आल्या तेव्हा त्यात अनूपपूरच्या जोडीने आपल्या बालाघाटचे नाव होते. लिटरला १२० रुपयांच्या आसपास! जिल्ह्याचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत झळकले ते अशा कारणाने. (मँगनीजसाठी किंवा चिन्नोर तांदळासाठी झळकले असते तर बरे वाटले असते. चिन्नोरला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते, त्याची बातमी मात्र छोटी आली.)

त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे शुल्क ५ रुपये आणि डिझेलवरचे १० रुपये कमी केले. मध्य प्रदेशानेही पेट्रोलचा व्हॅट ३३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणला. मे २०२२ मध्ये केंद्राने आणखी ८ आणि ६ रुपये उतरवले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने आपला कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांनी घटवला. झाले, नदीच्या दोन काठांवर दोन भाव पक्के झाले. हेही लक्षात ठेवा की, सन २०२० च्या एप्रिलात जगात कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास कोसळले होते, तेव्हा आपल्याला स्वस्ताई दिसली नाही. मे २०२० मध्ये शुल्कच १० आणि १३ रुपयांनी वाढवले गेले. माणूस आपले वागणे बदलतो ते पंपावरच्या आकड्याकडे पाहून. पिंपाचा भाव त्याच्या घरापर्यंत येतच नाही.

आता मुख्य गोष्ट. भाव चढल्यावर लोक काय करतात?

अर्थशास्त्राचे लोक सांगतात की लगेच फारसे काही करत नाहीत. भाव दहा टक्के वाढला तर खप ताबडतोब दोन-तीन टक्केच उतरतो, आणि लोकांना गाडी बदलायला, घर बदलायला, नोकरी बदलायला काही वर्षे मिळाली तर सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतो, असे जुन्या अभ्यासांचे साधारण मत होते. अमेरिकेत ह्यूज, निटेल आणि स्पर्लिंग या तिघांनी दोन काळ ताडून पाहिले. १९७५ ते १९८० मध्ये दहा टक्के भाववाढीला खप दोन-तीन टक्के लगेच कमी व्हायचा. २००१ ते २००६ मध्ये तो एक टक्कासुद्धा होईना. का? त्यांचे एक अनुमान असे की, मधल्या काळात तिथली वस्ती शहराबाहेर पसरली, बाजार दूर गेला, गाडीशिवाय दूध आणणेही अवघड झाले. म्हणजे माणसे बेफिकीर झाली असे नव्हे. त्यांच्याजवळचा दुसरा मार्गच संपला.

हे वाक्य आपण आपल्याकडे लावून पाहावे अशी आमची विनंती आहे, कारण हेच आपल्याकडे दुसऱ्या वाटेने झाले. मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम गुंडाळायचा निर्णय सन २००५ मध्ये झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी बस रस्त्यावरून गेली. खाजगी बस जिथे भाडे मिळते तिथेच धावते आणि सीट भरल्याशिवाय हलत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्याच वर्षांत सुलभ हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली. बस गेली आणि फटफटी आली. ज्याच्याकडे सायकल होती त्याने फटफटी घेतली, ज्याच्याकडे बसचा पास होता त्यानेही घेतली. देशभरात सन २००६-०७ मध्ये पेट्रोलचा वर्षाचा खप सुमारे ९० लाख टन होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे ४ कोटी टनांवर गेला. या काळात भाव दुपटीहून जास्त झाला आणि खप चौपट झाला! यावरून कोणी म्हणेल की भावाचा परिणामच होत नाही. तसे नाही. घरोघरी गाडी आली म्हणून एकूण खप वाढला. पण ज्या घरात गाडी आधीच होती, त्या घराने भाव चढल्यावर काय काय केले ते या आकड्यात दिसत नाही. ते घरात जाऊन पाहावे लागते.

पंपावर उभे राहून पाहा. आपल्याकडे किती माणसे लिटरमध्ये पेट्रोल मागतात? "शंभरचे टाक" असेच म्हणतात. भाव ५० असताना शंभरात दोन लिटर यायचे आणि लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी त्यावर १०० किलोमीटर चालायची. भाव ११० झाला तर शंभरात लिटरही पुरते येत नाही, गाडी ४५ किलोमीटरवर थांबते. नोट तीच, रस्ता अर्ध्याहून कमी. माणसाला वाटते आपण खर्च वाढवला नाही. मग तो आठवड्यात दोनदा पंपावर जातो आणि महिनाअखेर हिशोब लागत नाही. टँकी फुल्ल करणारा माणूस भाववाढ एकदम पाहतो. शंभरचे टाकणारा ती थेंबाथेंबाने सोसतो.

खाणीवर पाळीला येणाऱ्या कामगाराचा हिशोब घेऊ. कॉलनीत राहणाऱ्याचा प्रश्न नाही, तो पायी येतो. पण गावातून १८ किलोमीटरवरून येणारा कंत्राटी कामगार घ्या. रोज ३६ किलोमीटर, महिन्यात २६ पाळ्या, म्हणजे ९३६ किलोमीटर. गाडी ५० चे ॲव्हरेज देत असेल तर जवळजवळ पावणे एकोणीस लिटर. भाव ७० असताना १,३१० रुपये, ११० असताना २,०५९ रुपये. फरक साडेसातशे रुपये. ही रक्कम ऐकताना लहान वाटते. कंत्राटी मजुराला विचारा, हे त्याच्या किती हजेऱ्या आहेत.

मग तो काय करतो? पहिली गोष्ट, जोडीदार शोधतो. एकाच पाळीचे दोघे एका गाडीवर येतात, आठवडा तुझी, आठवडा माझी. ही पद्धत उत्तम आहे आणि ती कोणी शिकवली नाही. पण तिचे एक दुखणे आहे. पाळी बदलली किंवा एकाला जादा काम लागले की दुसरा फाटकाशी ताटकळत बसतो. दुसरी गोष्ट, तो गाडी हळू चालवतो. यात मात्र खरा फायदा आहे. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगात गाडी सर्वांत कमी पिते, हे पेट्रोलियम संवर्धनवाले अनेक वर्षांपासून सांगत आले आहेत. भाव चढला की ते लोकांना पटते आणि उतरला की लोक विसरतात. उतारावर इंजिन बंद करणे हा मात्र आपल्याकडचा भलताच शोध. ब्रेक आणि हँडल दोन्ही धोक्यात येतात. तरुण पोरांनी हे बंद करावे, एवढे स्पष्ट सांगतो. तिसरी गोष्ट, तो सर्व्हिसिंग पुढे ढकलतो. पेट्रोलसाठी पैसा काढायचा तर ऑईल बदलणे राहू द्या, टायर आणखी दोन महिने चालू द्या. आणि खराब गाडी जास्त पेट्रोल पिते.

गाडी घेताना "किती देते?" हा प्रश्न आपला माणूस पहिला विचारतो, रंग नंतर. हा स्वभाव असाच घडला आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना सन १९७२ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखले. पिंपाचा भाव तीन डॉलरवरून काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेला. मास्तर, कारकून, पोस्टमन सगळे लूनावर दिसू लागले त्याला स्वस्ताईइतकाच ॲव्हरेजचा हात होता. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसी गाडी आली ती याच एका गुणावर विकली गेली. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. जवळ सीएनजी पंप असेल त्याला ती उपयोगी. गाड्यांचा इतिहास आपल्याकडे तेलाच्या भावानेच लिहिला आहे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

त्याच १९७३ ची आणखी एक आठवण राजकारणाच्या मंडळींसाठी. पेट्रोलची दरवाढ झाली म्हणून १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी बैलबंडीतून संसदेत गेले होते. नंतर त्यांचा पक्ष सत्तेवर आला, विरोधक बदलले, आणि बैलबंडी, सायकल, रिकामे सिलिंडर हे सगळे सामान दर विरोधी पक्षाने पाळीपाळीने वापरले. आम्ही कोणत्या एका पक्षाला बोल लावत नाही. एवढेच म्हणतो की, पन्नास वर्षांत बंडी प्रत्येकाने आणली, बस कोणी आणली नाही.

आता सरहद्दीचा विषय. आपल्यातले किती तरी लोक गोंदियाला गेले की रावणवाडीकडच्या बाजूला टँकी भरून येतात. यात बेकायदा काही नाही. गाडीच्या टाकीत भरलेले तेल कुठेही नेता येते. पण केवळ पेट्रोल भरायला जाण्यात शहाणपण आहे का, याचा हिशोब मांडा. भरवेलीहून नदीपलीकडे जाऊन येणे ६० किलोमीटर धरा. मोटारसायकलला सव्वा लिटर लागले, म्हणजे १३० रुपयांच्या आसपास. टँकी दहा लिटरची, आणि फरक लिटरला चार रुपये धरला तर वाचले चाळीस. नव्वद रुपये घालून चाळीस वाचवले म्हणू नका, १३० घालून चाळीस वाचवले! तिकडे काम असेल तरच फायदा. उलट ट्रकवाल्याची टाकी तीनशे लिटरची. तो त्याच रस्त्याने जाणारच असतो आणि एका खेपेत बाराशे वाचवतो. म्हणजे भावातल्या फरकाचा खरा लाभ मोठ्या गाडीला मिळतो आणि आपल्या बाजूच्या पंपावरच्या पोरांचे काम कमी होते. आपल्या राज्याचा करही नदीपलीकडे जातो. भोपाळच्या तिजोरीला हा मुद्दा समजायला हवा होता. टक्के जास्त लावले म्हणून पैसे जास्त येतातच असे नाही, विशेषतः जिथे ग्राहक अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात पोहोचतो.

एक गंमत सांगून पुढे जातो. भरवेलीची खाण ज्या कंपनीची, त्या मॉइलमध्ये केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचे भाग आहेत, मुख्यालय नागपूरला. खनिजाच्या बाबतीत दोन राज्ये एका सतरंजीवर बसू शकतात. कराच्या बाबतीत दोघांची तोंडे दोन दिशांना.

भावातला फरक माणसाला काय काय करायला लावतो याचा काळा भागही बोलला पाहिजे. दोन हजारच्या दशकात रेशनचे रॉकेल नऊ-दहा रुपये लिटर आणि डिझेल त्याच्या तिप्पट-चौपट होते. रॉकेल निळे केले तरी ते डिझेलमध्ये जातच राहिले. गरिबाच्या चुलीचे तेल ट्रकच्या टाकीत जात होते, कारण मधल्या फरकात मोठा पैसा होता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी ही भेसळ पकडायचा प्रयत्न केला आणि त्यांना दिवसाढवळ्या जाळून मारण्यात आले. एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा जीव लिटरमागच्या फरकाने घेतला. पुढे डिझेल मोकळे झाले, रेशनचे रॉकेल आटत गेले, तशी ही कमाई सुकली. म्हणून कोणी सभेत उठून म्हणतो की, एका वर्गाला तेल फुकटात द्या, तेव्हा आमचा हात पटकन वर जात नाही. फरक जितका मोठा तितके त्यात शिरणारे हात जास्त.

शेतकऱ्याकडे येऊ. आपला जिल्हा धानाचा. डिझेल महागले की ट्रॅक्टरवाला तासाचा भाव वाढवतो आणि डिझेल उतरले की तो भाव उतरवायचे विसरतो. हे आपण दरवर्षी पाहतो. रोवणीच्या वेळी चिखलणी टाळता येत नाही, बांधीत पाणी असतानाच ती करावी लागते. भाव वाढला म्हणून शेतकरी कमी नांगरत नाही. तो दुसरीकडे कात्री लावतो. ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांची एक करतो, भाजीपाला घेऊन बालाघाटच्या बाजाराला जायचे सोडून गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला बांधावरच देतो. पन्नास रुपये पेट्रोलचे वाचतात आणि मालाच्या भावात त्याहून जास्त जातात. गावचा दूधवाला चार गावांची फेरी तीनवर आणतो. चौथ्या गावचे दूध घरीच जिरते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुद्दाम उभे राहिलो ती. घरात पेट्रोलचा पैसा कमी पडला तर कोणाची खेप आधी रद्द होते? बापाची पाळी रद्द होत नाही, ती रोजीरोटी आहे. मुलाचा क्लास बहुधा रद्द होत नाही. आईचे दवाखान्यात दाखवायला जाणे पुढच्या महिन्यावर जाते. म्हातारीचे माहेरपण जाते. मुलीला कॉलेजात सोडायला रोज जाणारा भाऊ आठवड्यात तीन दिवस जातो, उरलेले दिवस ती घरी, आणि वर्षअखेरीस हजेरी कमी भरते. नंतर आपणच म्हणतो की, मुलीचे शिक्षणात लक्ष नव्हते. अमेरिकेत २००८ साली तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले, लोकांचा गाडीचा प्रवास त्या वर्षी १९८० नंतर पहिल्यांदा घटला, आणि त्यावर जगभर लेख लिहिले गेले. आपल्या घरातला घटलेला प्रवास कोणी मोजत नाही, कारण तो बहुतेक बायकांचा असतो.

चुलीचेही तेच. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली आणि गॅस घरोघर पोहोचला, ही चांगली गोष्ट झाली, ती मान्य केलीच पाहिजे. पण २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेला तेव्हा काय झाले? सिलिंडर कोपऱ्यात, पाहुण्यांसाठी; रोजचा स्वयंपाक पुन्हा काडीवर. आपला जिल्हा निम्म्याहून अधिक जंगलाचा, त्यामुळे काडी मिळते, पण ती आणायला कोण जाते? डोक्यावर मोळी बाईच्याच. नंतर सरकारने २०० आणि पुढे ३०० रुपयांची सूट उज्ज्वलावाल्यांना दिली. ती मिळते की नाही हे आपल्या वस्तीत विचारून घ्या. बँकेत आधार न जोडल्याने ज्यांची अडली आहे त्यांनी सभेनंतर थांबावे.

मग मागायचे काय? "पेट्रोल स्वस्त करा" ही मागणी आम्हाला अपुरी वाटते. नको असे नाही. व्हॅटमध्ये सरहद्दीच्या जिल्ह्यांचा विचार व्हावा हे निवेदनात राहीलच. पेट्रोल जीएसटीत आणण्याचा विषय सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या परिषदेत आला आणि ही वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. त्यावर आस लावून बसण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही सरकारांना त्या पैशाची सवय झाली आहे. आणि समजा पाच रुपये उतरले; आपल्या त्या कामगाराचे महिन्याला ९४ रुपये वाचतील. बस मिळाली तर त्याची गाडीच घरी राहील. जर्मनीत २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारने दोन्ही एकदम केले, तेलावरचा कर उतरवला आणि तीन महिने नऊ युरोत महिनाभर कुठेही फिरा असे तिकीट काढले. ती तिकिटे पाच कोटींवर खपली. जिथे गाडी येते आणि भाडे परवडते तिथे माणूस लगेच वळतो. नदीपलीकडेच बघा ना. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आणि लाल गाडीत बसायला जागा मिळेना. आपल्या बहिणी गोंदियात उतरून तिकडचा प्रवास अर्ध्या तिकिटात करतात आणि परत आल्या की इकडच्या खाजगी बसला पुरे पैसे मोजतात.

मध्य प्रदेश सरकारनेही एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आहे. सरकारी देखरेखीखाली खाजगी बस, ठरलेले मार्ग, ठरलेल्या वेळा, अशी ती कल्पना. मार्ग कुठले हे ज्यांचा आवाज पोहोचेल त्यांच्या सोयीने ठरेल. भरवेलीच्या पाळ्यांच्या वेळा तिथे बसून कोणाला सुचणार नाहीत, त्या आपण लिहून द्याव्या लागतील. हीच गोष्ट रेल्वेची. गोंदिया-बालाघाट छोटी लाईन जाऊन मोठी झाली, पुढे जबलपूरपर्यंतही मोठी लाईन पूर्ण झाली. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर साध्या गाडीचे किमान भाडे दहाचे तीस झाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा जुन्या दराने दहावर आले. दहा रुपयांत पेट्रोलवर पाच किलोमीटरही होत नाहीत. पण गाडीची वेळ पाळीला आणि कॉलेजला जुळली नाही, तर स्वस्त तिकीट काय उपयोगाचे? स्टेशनपासून भरवेलीपर्यंतचे शेवटचे अंतर हाही प्रश्नच. तिथे ठरलेल्या भाड्याची ई-रिक्षा पाळीच्या वेळी उभी राहिली तरी पुष्कळ झाले. आमचा आग्रह बसचा आणि वेळेचा आधी, दराचा नंतर. काही सदस्यांचे मत उलट आहे, त्यांनी आता चर्चेत जरूर बोलावे.

निवेदन पोकळ जाऊ नये म्हणून कागद लागेल. मंडळाच्या स्वयंसेवकांकडे एक वही दिली आहे. त्यात नाव लिहायचे नाही, फक्त गाव, अंतर, पाळी किंवा कॉलेजची वेळ, सध्या कशाने येता, महिन्याचा पेट्रोलचा किंवा भाड्याचा खर्च आणि बस मिळाली तर गाडी सोडाल का, एवढेच लिहायचे. "हो" लिहायचे म्हणून लिहू नका. बस आली आणि रिकामी धावली तर दुसऱ्या वर्षी ती बंद होईल आणि आपले तोंड बंद होईल. घरातल्या बायकांच्या आणि मुलींच्या खेपा वेगळ्या ओळीत लिहा, मागच्या तीन महिन्यांत रद्द झालेल्या खेपांसह. ही ओळ पुरुषांनी अंदाजाने भरू नये, घरी विचारून भरावी. दारापाशी दोन टेबले मांडली आहेत, डावीकडे खाणीवर येणाऱ्यांसाठी, उजवीकडे बाकीच्यांसाठी. वह्या पुढच्या मासिक सभेपर्यंत गोळा करू आणि बेरीज याच पत्रिकेत छापू.